कॅमेरे लावायचं ठरलं, पण फूटेज कोण बघणार?

सोसायटीत कॅमेऱ्यांचा विषय बहुतेक वेळा चोरीनंतर निघतो. सायकल गेली, नाहीतर उभ्या गाडीवर ओरखडा उमटला, की पुढच्या सभेत तीन कोटेशनं टेबलावर येतात. तिन्हींत कॅमेऱ्यांची संख्या वेगळी, मेगापिक्सेल वेगळे, साठवणीचे दिवस वेगळे. चर्चा मात्र थेट रकमेवर. आम्हीही तिथूनच सुरुवात केली आणि तीच चूक होती. तिन्ही पुरवठादारांनी आपापला अंदाज बांधला होता, कारण आपल्याला नेमकं काय हवंय हे सोसायटीने कुणालाच लिहून दिलं नव्हतं.

ती कोटेशनं बाजूला ठेवून संकुलाच्या नकाशाची मोठी प्रत काढली. दोन वर्षांतल्या लेखी तक्रारी त्या त्या जागी पेन्सिलीने मांडल्या आणि प्रत्येक जागेपुढे एकच वाक्य लिहायचं ठरलं: इथे काही घडलं तर फूटेजमध्ये काय दिसायला हवं? गेटवर आत येणाऱ्याचा चेहरा आणि गाडीचा नंबर. पार्किंगमध्ये कोणती गाडी कोणत्या गाडीला घासली ते. लिफ्टमध्ये पॅनेलची मोडतोड कुणी केली ते. वाक्य लिहिता येत नाही, तिथला कॅमेरा रद्द. एवढ्याने यादी बरीच आटोपशीर झाली. काही ठिकाणी तर कॅमेरा हे उत्तरच नव्हतं. मागच्या भिंतीजवळच्या कोपऱ्याला दिवा हवा होता आणि गच्चीच्या दाराला आपोआप बंद करणारा क्लोझर.

हा पायरीक्रम न्यायालयातही उपयोगी पडतो. रुमानियात एका इमारतीतल्या रहिवाशाने घरमालकांच्या संघटनेने लावलेले कॅमेरे काढून टाकावेत म्हणून दावा केला होता. दर्शनी भाग, तळमजल्याचा हॉल आणि लिफ्ट या तीन जागी ते होते. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि 11 डिसेंबर 2019 रोजी निकाल लागला. सामायिक जागेतल्या कॅमेऱ्यासाठी प्रत्येकाची संमती हवीच असं नाही, पण धोका खरा आणि आत्ताचा असावा, कमी त्रासाचा दुसरा उपाय पुरा पडणारा नसावा आणि रहिवाशांच्या खासगीपणाशी तोल साधलेला असावा, असं त्यात म्हटलं आहे. त्या संघटनेने आधी दाराला इंटरकॉम आणि चुंबकीय कार्डाची सोय केली होती, तरी गुन्हे थांबले नव्हते. ही गोष्ट तिच्या बाजूने मोजली गेली. कॅमेरे फक्त रात्री चालवून किंवा नको तो भाग झाकून भागेल का, हेही तपासावं असं न्यायालयाने सुचवलं. हा निकाल प्रत्येक देशाला लागू नाही, पण सभेत विरोध करणारा सभासद नेमके हेच प्रश्न विचारतो. तक्रारींचा नकाशा इतिवृत्ताला जोडलेला असला की उत्तर शोधत बसावं लागत नाही.

ठराव एकच न करता तीन करावेत. पहिला वापराच्या नियमांचा: चित्रण कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार. दुसरा जागांचा, नकाशासह. तिसरा खर्चाचा, त्यात वार्षिक देखभालही धरून. क्रमही हाच ठेवावा. खर्च आधी मंजूर झाला की नियमांचा विषय 'पुढच्या सभेत बघू' म्हणून सुटतो आणि पहिलं भांडण होईपर्यंत कुणाला आठवत नाही. विरोधी मतं नावासकट इतिवृत्तात यावीत. ती दडपली की तोच सभासद पुढे लेखी नोटीस पाठवतो.

तळमजल्यावरच्या घरांचा विरोध रास्त असतो आणि तो शब्दांनी मिटत नाही. त्यांच्या खिडक्या चौकटीत येतात. अशा वेळी तात्पुरता कॅमेरा खांबावर धरून, मोबाइलवर त्याचं दृश्य त्या घरातल्या माणसांना दाखवावं आणि त्यांच्या समोरच खिडकीवर काळा पडदा टाकावा. या पडद्याला मेनूत प्रायव्हसी मास्क म्हणतात. तो कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये टाकायचा. बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर स्क्रीनवर काळं दिसतं, पण मूळ रेकॉर्डिंगमध्ये खिडकी उघडीच राहते. हा फरक बसवणाऱ्यालाही दरवेळी माहीत असतो असं नाही. खात्री करायची तर एक क्लिप पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून बघावी.

फिरत्या कॅमेऱ्याचा मोह टाळावा. तो फिरवायला माणूस बसलेला नसेल तर घटना घडते तेव्हा त्याचं तोंड दुसरीकडेच असतं, आणि तो आपल्या खिडकीकडे वळला होता का, हा संशय कायमचा राहतो. माइक बंदच ठेवावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो असतो आणि काहींत सुरू अवस्थेत येतो. चित्रापेक्षा आवाजाची नोंद कितीतरी जास्त खासगी असते. जिन्यात दोन शेजारी काय बोलले हे सोसायटीच्या डिस्कवर असायचं काही कारण नाही. स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली यांची तर चर्चाही नको. मुलांच्या खेळाच्या जागेवर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. त्यावर निघालेला मार्ग असा: जागेवर कॅमेरा नाही, तिथे जायच्या वाटेवर आहे. कोण आत गेलं ते कळतं, खेळणारी मुलं दिवसभर टिपली जात नाहीत.

आता मेगापिक्सेलचं. 'चार मेगापिक्सेल म्हणजे स्पष्ट' या वाक्याला अर्थ नाही. माणसावर दर मीटरला किती पिक्सेल पडतात, ते मोजायचं. आयईसी या विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 62676-4 या मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत हे आकडे आहेत: कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरला 25, हालचाल नीट दिसायला साधारण 62, ओळखीचा माणूस ओळखायला 125 आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला 250. चार मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी 2560 पिक्सेल. भागिले 250, म्हणजे सुमारे 10 मीटर रुंदीचं दृश्य. त्याहून रुंद चौकटीतला अनोळखी चेहरा खात्रीचा नाही.

म्हणून सगळं महत्त्व लेन्सला. 2.8 मिलिमीटरची लेन्स शंभरेक अंशांचं दृश्य घेते. तिच्यात चेहरा ओळखण्याजोगा राहतो तो चारपाच मीटरपर्यंतच. पुरवठादार सरसकट हीच देतात, कारण स्क्रीनवर सगळं आवार दिसतं आणि कमिटी खूश होते. गेटवर 6 किंवा 12 मिलिमीटरची अरुंद लेन्स हवी, किंवा जागेवर जुळवता येणारी व्हेरिफोकल. रुंद दृश्यासाठी दुसरा कॅमेरा शेजारी. एकाच कॅमेऱ्याने पूर्ण आवार आणि चेहरा दोन्ही मिळत नाही, हे कोटेशन मागवतानाच लिहावं.

उंचीचंही तसंच. कॅमेरा कुणी फोडू नये म्हणून तो चार मीटरवर चढवतात आणि मग हाती येतात टोप्या आणि टक्कल. चेहऱ्याचा कॅमेरा सव्वादोन ते अडीच मीटरवर, माणूस ज्या दिशेने चालत येतो तिकडे तोंड करून. त्याला हात लागेल ही भीती असेल तर त्याच्याकडे बघणारा दुसरा कॅमेरा उंचावर ठेवावा. लॉबीच्या आत बसवून दाराकडे रोखलेला कॅमेरा दुपारी निव्वळ काळ्या आकृत्या देतो. तिथे खऱ्या डब्ल्यूडीआरचा, म्हणजे झगझगीत उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारा कॅमेरा लागतो. माहितीपत्रकात 'डिजिटल डब्ल्यूडीआर' लिहिलं असेल तर ती चमक वाढवायची युक्ती आहे.

नंबर प्लेटसाठी स्वतंत्र कॅमेरा, त्याला पर्याय नाही. रात्री हेडलाइटच्या झोतात साधा कॅमेरा प्लेटऐवजी पांढरा डाग टिपतो. शटर सेकंदाच्या 1/500 भागापेक्षा वेगवान ठेवायचं, गाडीच्या दिशेशी कोन 30 अंशांच्या आत ठेवायचा आणि गाडी जिथे सावकाश होते त्या गतिरोधकावर नेम धरायचा. शटर एवढं वेगवान केलं की बाकी चित्र अंधारं होतं. प्लेट तेवढी इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने, उजळून निघते, चेहरा दिसत नाही. म्हणूनच तो वेगळा.

साठवणीचा हिशोब पाटीवर होतो. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला 4 मेगाबिट धरला तर दिवसाला सुमारे 43 जीबी. 16 कॅमेरे, दिवसाला 690 जीबीच्या आसपास. 30 दिवसांना जवळजवळ 21 टीबी. कोटेशनमध्ये याला 6 टीबीची एक डिस्क दिसली तर समजावं की एकतर चित्र निकृष्ट ठेवणार आहेत किंवा नऊ दिवसांत जुनं पुसलं जाणार आहे. एच.265 कोडेकने, म्हणजे चित्रण आटवून साठवायच्या पद्धतीने, जागा बरीच वाचते. पण रात्री अंधारात चित्राला दाणे येतात आणि प्रवाह वाढतो, म्हणून दिवसा मोजलेला आकडा पुरत नाही. 'हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग' हा काटकसरीचा उपाय गेटवर नको. जिन्यात चालेल, पण घटनेआधीचे 5 ते 10 सेकंद राखून ठेवायची सेटिंग चालू असायला हवी, नाहीतर माणूस चौकटीच्या मधोमध उगवल्यासारखा दिसतो. डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स प्रकारची घ्यावी. संगणकातली साधी डिस्क वर्ष-दीड वर्ष बरी चालते आणि एके दिवशी कळतं की गेला महिनाभर काहीच नोंदलं गेलेलं नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. डिस्क बिघडली तर रेकॉर्डर शिट्टी मारतो. ती कर्कश वाटते म्हणून कुणीतरी मेनूतून बंद करतं. ती बंद करू नये, शिवाय ईमेलची सूचना चालू ठेवावी.

बसवताना सर्वांत जास्त फसवणूक केबलमध्ये होते. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल दिसायला अगदी तशीच असते. तारेवरून ब्लेड फिरवलं की आतून पांढुरकी चकाकते. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. परिणाम असा की दिवसा कॅमेरा छान चालतो, अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, लांबच्या टोकाला विजेचा दाब कमी पडतो आणि कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच. तक्रार 'कॅमेरा खराब' अशी येते, कॅमेरा बदलला जातो, दोष तसाच राहतो. अगदी असंच लक्षण पीओई स्विचची, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या पेटीची, एकूण क्षमता कमी पडली तरी दिसतं. पीओईच्या 802.3एएफ प्रकारात एका पोर्टला 15.4 वॉट मिळतात, त्यातले कॅमेऱ्यापर्यंत 12.95 पोचतात असं धरतात. पण सोळा पोर्टांच्या स्वस्त स्विचची एकूण क्षमता 120 वॉटच असू शकते. रात्री प्रत्येक कॅमेऱ्याने 8 वॉट ओढले तर 128 झाले. एखाददुसरा कॅमेरा बंद पडणारच, आणि दरवेळी तोच पडेल असंही नाही.

नेटवर्क केबलची हद्द 100 मीटर, तीही वळणं आणि जिने धरून. नकाशावर 70 दिसणारं अंतर भिंतीवरून जाताना सहज शंभरावर जातं. दोन इमारतींच्या मधे तांब्याची केबल टाकूच नये, फायबर टाकावं. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली की तो फरक केबलवाटे दोन्हीकडचे स्विच जाळतो. बाहेरच्या जोडाला जंक्शन बॉक्स हवाच. केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली झुकलेला वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. केबलच्या टोकाच्या आरजे-45 कनेक्टरची पिन हिरवट पडली की समजावं, वळसा दिलेला नव्हता.

डोम कॅमेऱ्याच्या काचेवरची फिल्म सगळ्यात शेवटी काढायची. त्यावर बोटाचा ठसा राहिला तर दिवसा दिसत नाही आणि रात्री सगळं चित्र दुधाळ होतं. भिंतीला किंवा छज्ज्याला फार खेटून लावला तरी तेच; स्वतःचाच इन्फ्रारेड भिंतीवर आपटून परत येतो. त्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतात. जाळं हललं की हालचालीचा इशारा वाजतो. यावर उपकरण नाही, महिन्यातून एकदा झाडू आहे.

रेकॉर्डर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नये. तिथे ऊन असतं, चहा असतो आणि चोराला सगळ्यात आधी तीच जागा सापडते. कुलूपबंद, हवेशीर खोली, स्विचसकट यूपीएसवर. केबिनमध्ये फक्त एक स्क्रीन, त्यावर गेट आणि पार्किंगचं थेट दृश्य. मागचं बघायची सोय नाही.

पासवर्डचा विषय कंटाळवाणा वाटतो. 2016 साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली. प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलणं, रेकॉर्डर राउटरच्या उघड्या पोर्टवर, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही थेट पोचता येईल असा, न ठेवणं आणि रहिवाशांच्या वायफायपासून वेगळ्या जाळ्यात ठेवणं, एवढं करायलाच हवं. आणखी एक गोष्ट हमखास निसटते: मोबाइलवरून बघायचं खातं बसवणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या फोन नंबरवर उघडलेलं असतं. कंत्राट संपतं, तो दुसरीकडे जातो आणि तुमचं गेट त्याच्या फोनवर दिसत राहतं. शेवटचा हप्ता देण्याआधी ते खातं सोसायटीच्या ईमेलवर घ्यावं. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी. तो एकट्या सेक्रेटरीला माहीत असणं धोक्याचं आहे, कारण निवडणूक होते.

शेवटचा हप्ता मुद्दाम साठवणीच्या मुदतीइतका अडवून ठेवावा. ठराव 30 दिवसांचा असेल तर काम पूर्ण झाल्यावर एकतिसाव्या दिवशी पहिल्या दिवसाचं चित्रण जवळजवळ शेवटपर्यंत मागे जाऊन बघावं. तीस दिवस खरोखर साठतात की नाही, हे दुसऱ्या कशाने सिद्ध होत नाही. चाचणी रात्रीच घ्यायची. एकाने टोपी घालून गेटातून यायचं, एक गाडी हेडलाइट लावून आणायची आणि बघायचं ते रेकॉर्ड झालेलं, थेट दृश्य नाही. थेट दृश्य नेहमीच छान असतं.

घड्याळ जुळवायचं विसरू नका. रेकॉर्डर इंटरनेटवरून वेळ घेत नसेल तर तो महिन्याला काही मिनिटं सरकतो. गेटच्या रजिस्टरशी वेळ जुळेना की फूटेजचा अर्धा जीव गेला. क्लिप देताना रेकॉर्डरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी शेजारी लिहून द्यावी.

आता पहिल्या ठरावाकडे. महिन्याभरात पहिला अर्ज येतोच, आणि तो चोरीचा नसतो. 'आमच्या मजल्यावर रात्री कोण आलं होतं', 'कामवाल्या बाई किती वाजता येतात', 'कुणाचं कुत्रं लिफ्टजवळ बसलं'. नियम आधी लिहिलेले असले की उत्तर एका ओळीचं असतं: मालमत्तेचं नुकसान, चोरी, इजा आणि धमकी एवढ्यांसाठीच चित्रण बघितलं जाईल. दंड आकारायला, हजेरी मोजायला नाही. हे कलम घालताना कमिटीचेच लोक कुरकुरतात, कारण चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला पकडायची सोय जाते. पण ते नसेल तर सहा महिन्यांत सुरक्षेचे कॅमेरे पाळतीचे होतात आणि पुढच्या वर्षी देखभालीचा खर्च मंजूर करायला हात वर होत नाहीत.

अर्ज लेखी, त्यात जागा, तारीख आणि अर्ध्या तासाच्या आतली वेळ. अर्ज आला की आधी तेवढा भाग कुलूपबंद किंवा कॉपी करून ठेवायचा, निर्णय नंतर. निर्णयाची वाट बघता बघता ते पुसलं गेल्याची प्रकरणं जास्त. बघताना दोन पदाधिकारी, त्यातला कुणी तक्रारदाराचा नातलग नको. अर्जदाराला शेजारी बसवून तासन्‌तास चित्रण चाळू द्यायचं नाही. घटना सापडली की नाही, एवढं लेखी कळवायचं आणि क्लिप पोलिसांनी लेखी मागितल्यावर त्यांना द्यायची. मूळ स्वरूपातली फाइल, तिच्यासोबतचा प्लेअर आणि फाइलचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलमध्ये जराही फेरफार झाला तर बदलणारा संकेतांक, नोंदवहीत. स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करून पाठवलेली क्लिप पुरावा म्हणून लंगडी. आणि ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेली की चोर सोडून संन्याशाला फाशी. पार्सल चुकीच्या दारात ठेवणारा मुलगा सकाळपर्यंत चोर झालेला असतो. ग्रुपवर टाकणाऱ्याचा अधिकार काढून घ्यायचा, हे कलम नावागावाचा विचार न करता आधीच लिहिलेलं बरं.

घराघरांच्या दारावरचे खासगी कॅमेरे याच ठरावात बसवावेत. स्वतःचं दार, पायरी ठीक. समोरच्याचं दार नाही, आवाज बंद, कोन बसवल्यावर दृश्याचा फोटो कमिटीकडे. झेक प्रजासत्ताकातल्या एका घरमालकाचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता आणि समोरच्या घराचं दार टिपत होता. त्याच युरोपीय न्यायालयाने 11 डिसेंबर 2014 रोजी म्हटलं की ही निव्वळ घरगुती बाब राहत नाही. 'माझं दार, माझा कॅमेरा' म्हणणाऱ्यांसाठी हा दाखला पुरतो.

वर्षातून एकदा तोच नकाशा पुन्हा टेबलावर. ज्या कॅमेऱ्याचं वाक्य आता खरं उरलेलं नाही, तो उतरवायचा. उतरवताना नुसता कॅमेरा काढून नेतात आणि केबल लोंबती ठेवतात. जंक्शन बॉक्सवर कोरी प्लेट बसवून कडेला सिलिकॉन भरावं, नाहीतर पाणी पाइपमधून थेट स्विचच्या पेटीत उतरतं. आणि त्या केबलचं पोर्ट स्विचमध्ये बंद करावं. भिंतीबाहेर लोंबणाऱ्या जिवंत केबलला कुणीही लॅपटॉप लावू शकतो.